कुणाचं काय अडलं होतं?

मराठी माध्यमाच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले तरी पुण्याच्या कसबा पेठेतल्या आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत संध्याकाळी मुलं येतातच. फणी आळीतली, तांबट आळीतली, कुंभारवाड्यातली, साततोटी चौकापलीकडची. कुणाचे वडील भांडी घडवतात, कुणाची आई हिंजवडीच्या कंपनीत जाते. शाळेचा अभ्यास उरकला की शेवटचा थोडा वेळ आम्ही नव्या इंग्रजी शब्दांसाठी राखून ठेवतो. मोबाइलवर दिसलेला, मेट्रोत कानावर पडलेला, कॉलेजातल्या ताईच्या तोंडून ऐकलेला कुठलाही शब्द आणायचा आणि सगळ्यांसमोर ठेवायचा.

मुलं आधी ‘बाई, मीनिंग काय?’ असं विचारायची. मी त्यांना दुसरा प्रश्न विचारायला लावला: हा शब्द घडला तेव्हा कुणाचं काय अडलं होतं? या एका प्रश्नाने आमच्या वर्गाचा नूर बदलला. इंग्रजीला बिचकणारी मुलं शब्दाच्या मागे लागली. त्या कामातून जे हाती आलं ते इथे मांडते.

१. अर्थ पाठ करण्याआधी गरज शोधा.

‘प्रीपोन’ हा शब्द घ्या. आमच्या पिढीने तो निबंधात लिहिला की खाली लाल रेघ यायची. हे इंग्रजी नव्हे, हिंदुस्थानी लोकांनी केलेली मोडतोड आहे, असं सांगितलं जायचं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात मात्र या शब्दाचा आजच्या अर्थाचा जुना दाखला १९१३ सालचा आहे, आणि तोही न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका पत्रातला. पत्रलेखकाचं म्हणणं असं, की ‘पोस्टपोन’च्या जोडीला उलट अर्थाचा शब्द हवा, विशेषतः वकील मंडळींना. तिकडे तो रुजला नाही, आपल्याकडे रुजला, कारण आपलं खरोखर अडत होतं. गणपतीच्या दिवसांत कसब्यात रस्ते बंद होतात आणि मला वर्गाची वेळ अलीकडे घ्यावी लागते. ‘उद्याचा क्लास प्रीपोन झालाय’ असा निरोप मुलं एकमेकांना धाडतात, आणि पुढे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. ज्या शब्दाने एवढं काम होतं त्याला चूक म्हणायला मी तयार नाही.

‘स्मॉग’चंही तसंच. १९०५ मध्ये लंडनच्या डॉ. डे व्हो यांनी धूर आणि धुकं या दोन शब्दांना जोडून तो वापरला. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या हवेला नुसतं धुकं म्हटलं की दोष निसर्गावर जात होता. नाव बदललं, तसा दोष धुराड्यांवर आला. पुण्यातल्या मुलांना हे पटकन कळतं.

२. शब्दाचा जन्मदाखला काढा. ‘नवा’ शब्द पुष्कळदा म्हातारा निघतो.

२०२४ मध्ये ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून ‘ब्रेन रॉट’ निवडला. दिवसभर निरर्थक व्हिडिओ बघून डोकं कुजल्यासारखं होतं, ते हे. मुलांना वाटलं, हा त्यांच्याच पिढीचा शब्द. पण त्याचा पहिला दाखला थोरोच्या ‘वॉल्डन’मध्ये आहे, १८५४ सालचा. २०२५ मध्ये केंब्रिजने निवडलेला ‘पॅरासोशल’ हा शब्द १९५६ चा. टीव्हीवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं जडलेलं एकतर्फी नातं सांगण्यासाठी डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या समाजशास्त्रज्ञांनी तो आणला. रोज एका यूट्यूबरला ‘दादा’ म्हणणाऱ्या आमच्या मुलांना तो आज लागू पडतो.

या बाबतीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ‘गॅसलायटिंग’. नववीतल्या एका मुलीने तो आणला. तिने आणला तेव्हाच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हा शब्द नुसता कुठेतरी वाचलेला नाही. १९३८ मध्ये पॅट्रिक हॅमिल्टन यांचं ‘गॅस लाइट’ हे नाटक आलं. त्यात नवरा चोरून वरच्या मजल्यावर जातो आणि दिवे लावतो. त्यामुळे खालच्या खोलीतली गॅसबत्ती मंद होते. बायको ते बोलून दाखवते, तर तो तिला पटवतो की हे सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत. होता होता तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडू लागतो. मराठीत ‘वेड्यात काढणं’ आहे, पण वेड्यात काढलेला माणूस मनातून शहाणा राहू शकतो. इथे त्याचं मनच त्याच्यावर उलटवलेलं असतं. एवढा फरक सांगितला आणि ती मुलगी म्हणाली, ‘बाई, मग माझ्या मैत्रिणीचं हेच चाललंय.’ पुढे जे करायला हवं होतं ते तिच्या घरच्या मोठ्यांना सांगून केलं.

मात्र मी मुलांना हेही बजावते की आईने ‘तू अभ्यास केला नाहीस’ म्हटलं तर ते गॅसलायटिंग नव्हे. एवढा जड शब्द साध्या भांडणात वापरला की खऱ्या पीडिताच्या हाती काही उरत नाही.

३. काही शब्द दूरच्या माणसाने घडवलेले असतात आणि दुःख मात्र आपल्या आळीतलं सांगतात.

‘सोलास्टॅल्जिया’ हा उच्चारायलाही अवघड शब्द. ग्लेन अल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने तो या शतकाच्या सुरुवातीला घडवला. न्यू साउथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणी पसरत गेल्या. तिथली माणसं घर सोडून कुठे गेली नव्हती. घर होतं तिथेच होतं, पण भोवतालचे डोंगर, हवा, रात्रीचा अंधार, सगळं बदललं, आणि त्या माणसांना आपल्याच घरात चैन पडेना. ‘नॉस्टॅल्जिया’ त्यांना लागू पडत नव्हता. तो शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यक-विद्यार्थ्याने ग्रीक शब्दांपासून केला, मायभूमीपासून दूर राहून आजारी पडणाऱ्यांसाठी. इथे माणूस दूर गेलेला नव्हता, जागाच त्याच्यापासून दूर निघाली होती. म्हणून नवा शब्द.

मी हे सांगितलं त्या सुमारास आमच्या जवळचा एक जुना वाडा पाडायला घेतला होता. वर्गातल्या एका मुलीची आजी त्या वाड्यात भाडेकरू म्हणून लग्न होऊन आलेली. इमारत उभी राहीपर्यंत कुटुंब समोरच्याच गल्लीत दोन खोल्या घेऊन राहत होतं. आजी रोज दुपारी गॅलरीत बसून मोकळ्या झालेल्या जागेकडे बघायची. मुलगी म्हणाली, ‘आजी कुठे गावाला गेलेली नाही, तरी गावाची आठवण आल्यासारखी करते.’ मी तिला म्हटलं, आजच्या शब्दाचा अर्थ आजीला सांग आणि तिला काय वाटतं ते विचारून ये. दुसऱ्या दिवशी तिने आजीचं उत्तर वहीत उतरवून आणलं: आपल्याच आळीत उपरं झाल्यासारखं वाटतं.

‘उपरं’ हा शब्द आम्ही सगळ्यांनी वहीत सोलास्टॅल्जियाच्या समोर लिहिला. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकाला लॅटिन आणि ग्रीक जोडून जे सांगावं लागलं, ते या बाईंनी तीन अक्षरांत सांगितलं. मग आम्ही बराच वेळ त्याच विषयावर बोलत राहिलो. दिंडी दरवाजा म्हणजे काय, चौकातला हौद कशासाठी, ओसरीवर कुणी बसायचं, कोनाडा कुठे असायचा. कितीतरी मुलांनी ओसरी पाहिलेली नव्हती. एकाने विचारलं, ‘बाई, मग वाडे पाडू नयेत का?’ मी त्याला खरं ते सांगितलं. गळकं छप्पर, वाळवी लागलेले खांब, सगळ्यांना मिळून एक संडास, पावसाळ्यात रात्रभर पातेली मांडून बसणं, हे ज्यांनी सोसलं त्यांना लिफ्टची आणि स्वतःच्या न्हाणीघराची इच्छा होणारच. ती इच्छा रास्त आहे. आणि त्या आजींचं उपरेपणही खरं आहे. एका घरात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदू शकतात, हे मुलांना त्या दिवशी कळलं.

हरवलेली जागा अशी एका शब्दात साठवणं पुण्याच्या जुन्या माणसांना नवीन नाही. नदीकाठच्या पेठांत नुसतं ‘पूर’ म्हटलं की वयस्कर माणसाला १२ जुलै १९६१ आठवतो, पानशेत धरण फुटल्याचा दिवस. तारीख सांगावी लागत नाही, धरणाचं नाव घ्यावं लागत नाही. एका साध्या शब्दात नदीकाठचं शहर वाहून गेल्याची गोष्ट मावते.

४. आपल्याकडे शब्द असेल तर तो आधी घ्या, मग शेजारी त्यांचा मांडा.

‘पेट्रिकोर’ म्हणजे पहिल्या पावसाने उठणारा मातीचा वास. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९६४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातल्या लेखात हा शब्द आणला. ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे दगड आणि इकोर म्हणजे देवांच्या नसांत वाहणारा द्रव. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलं दगडमातीत मुरतात, आणि पाणी पडलं की हवेत येतात. मातीतल्या सूक्ष्म जिवांनी बनवलेलं जिओस्मिन नावाचं द्रव्यही त्यात असतं. उत्तर प्रदेशातले अत्तरवाले हाच वास मातीतून काढून अत्तर करतात, याचा उल्लेख त्या लेखातही आहे.

आपल्याकडे मृद्गंध आहे. मुलांनी दोन्ही शब्द शिकावेत, त्यामागचं रसायन शिकावं. पण ‘पेट्रिकोरला मराठीत शब्दच नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवावं. मराठीत अमुक नाही असं म्हणण्याआधी कोश उघडायचा, आणि कोशात नसेल तर दोन म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, हा आमच्या वर्गाचा नियम आहे.

५. शब्दामागे विक्रेता उभा आहे का, ते पाहा.

समोर माणूस बसलेला असताना फोनमध्ये डोकं घालणं म्हणजे ‘फबिंग’. फोन आणि स्नबिंग यांची जोड. हा शब्द २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात घडवून घेतलेला आहे. मॅक्वारी शब्दकोशाच्या प्रसिद्धीसाठी एका जाहिरात कंपनीने कोशकार, भाषातज्ज्ञ, लेखक अशा मंडळींना एकत्र बसवलं, त्यांच्याकडून शब्द करून घेतला आणि मग तो जगभर फिरवला. ‘नोमोफोबिया’ म्हणजे फोन जवळ नसण्याची भीती. तो ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने २००८ मध्ये करून घेतलेल्या पाहणीतून आला. नावाला ‘फोबिया’ लावलं की तो आजार वाटू लागतो, आणि आजार म्हटला की औषध विकणारा येतोच.

तरीही फबिंगला मी वर्गाबाहेर काढलं नाही. जाहिरातीतून आला असला तरी मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी तो पुढे उचलला, कारण वागण्याची ती तऱ्हा खरी आहे. मुलांना मी मराठी शब्द करायला सांगितला. बोलघेवड्यावरून एकाने ‘फोनघेवडा’ केला. तो आता आमच्या गल्लीत चालतो. मुलं घरी वडिलांनाही म्हणतात, आणि वडील फोन खाली ठेवतात.

६. अर्थ नसलेल्या शब्दालाही काम असतं.

२०२५ मध्ये मुलं एकाएकी ‘सिक्स-सेव्हन’ ओरडू लागली. फळ्यावर सहा आणि सात हे आकडे शेजारी आले की वर्ग उसळायचा. अमेरिकेतल्या स्क्रिला नावाच्या रॅपरच्या गाण्यातून हे निघालं, आणि डिक्शनरी डॉट कॉमने त्यालाच वर्षाचा शब्द केलं. अर्थ विचारला तर कुणालाच सांगता येईना. पालक वैतागले. मला त्यात वैतागण्यासारखं काही दिसलं नाही. मोठ्यांना कळू नये आणि आपल्या टोळीला कळावं, हेच त्या शब्दाचं काम. आम्ही लहानपणी ‘च’च्या भाषेत बोलायचो ते आणखी कशासाठी?

मग मी मुलांना नंदभाषा सांगितली. मराठी मुलखातले व्यापारी आणि दलाल गिऱ्हाइकासमोर भाव ठरवताना आपसात आकड्यांसाठी वेगळेच शब्द वापरत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात त्यांची नोंद आहे. त्या भाषेत सहा म्हणजे शेली आणि सात म्हणजे पवित्र. झालं! दुसऱ्या दिवसापासून आमच्या खोलीत ‘शेली-पवित्र’चा गजर सुरू झाला. रविवार पेठेतल्या जुन्या दुकानदाराकडे जाऊन एक मुलगा इतर आकडेही ताडून आला. आता सांगा, सिक्स-सेव्हनने मुलं बिघडली का?

७. हुकमाने शब्द टिकत नाही, आणि बंदीने जात नाही.

कसबा पेठेत राहणाऱ्याला याचा पुरावा दाराबाहेरच मिळतो. इथल्या लाल महालात शिवाजी महाराजांचं बालपण गेलं. पुढे त्यांनीच राज्यकारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द आणण्यासाठी राजव्यवहारकोश करवून घेतला. सुमारे १,४०० शब्दांचा. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. यातले अमात्य, सचिव, सेनापती आजही आपल्या बोलण्यात आहेत. आणि ‘पेशवा’? तो फारसी शब्द शनिवारवाड्यावर पिढ्यानपिढ्या राज्य करून इतिहासात कायमचा बसला. खुद्द ‘कसबा’ हा शब्द अरबीतून आलेला. पुण्याच्या सगळ्यात जुन्या पेठेचं, ग्रामदैवत असलेल्या गणपतीचं नाव त्यावरून पडलं, आणि तो आम्हाला कधी परका वाटला नाही.

सावरकरांच्या भाषाशुद्धीतले दिनांक, महापौर हे शब्द आज कुणाला घडवलेले वाटतही नाहीत. त्याच काळातला ‘बोलपट’ मात्र मागे पडला. तो शब्द वाईट नव्हता. सगळेच चित्रपट बोलू लागले आणि वेगळं सांगायची गरजच संपली. इंग्रजीतही तेच होतं. २०१७ मध्ये ऑक्सफर्डने ‘यूथक्वेक’ हा १९६५ मधला शब्द वर्षाचा शब्द म्हणून पुढे आणला. आमच्या वर्गात आजवर एकाही मुलाने तो बाहेरून ऐकून आणलेला नाही. म्हणून वर्षाच्या शब्दांच्या याद्या पाठ करून घेणाऱ्या स्पर्धा-परीक्षांच्या क्लासांबद्दल मला आस्था नाही. वर्षभर थांबावं. लोक वापरत राहिले तर शिकावा.

८. कोशात छापलेलं सगळंच खरं नसतं.

१९३४ च्या वेबस्टरच्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला, अर्थ ‘घनता’. मुळात ती चिठ्ठी ‘डी ऑर डी’ (D or d), म्हणजे मोठ्या लिपीतलं वा लहान लिपीतलं ते अक्षर घनतेचं संक्षिप्त रूप आहे, एवढंच सांगत होती. अक्षरं जोडून वाचली गेली आणि शब्द जन्मला. १९३९ मध्ये एका संपादकाला त्याची व्युत्पत्ती दिसेना, तेव्हा उलगडा झाला. मुलांना ही गोष्ट फार आवडते, आणि ती कळल्यापासून मुलं माझ्याही शब्दाला पुरावा मागतात. मागावाच.

९. लिंग मिळालं की शब्द मराठी झाला.

‘सेल्फी’चा जुना दाखला २००२ चा, ऑस्ट्रेलियातल्या एका तरुणाने पडून फुटलेल्या ओठाचा फोटो इंटरनेटवर टाकला तेव्हाचा. २०१३ मध्ये तो ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द ठरला. आमच्याकडे वाद एवढाच की सेल्फी काढला की काढली. रील बघितली, मीम आलं, व्हाइब आली. कुणी शिकवलं नाही, तरी मुलं आपोआप लिंग लावतात. परदेशातल्या मराठी मंडळींनी इंटरनेटवर गेट-टुगेदरचं ‘गटग’ करून टाकलं आणि ते नपुंसकलिंगी ठरलं. भाषा जिवंत असल्याची मला याहून चांगली खूण माहीत नाही.

१०. अनवट शब्द शोधायला लांब जाऊ नका.

तांबट आळीतला एक मुलगा वर्गात गप्प असायचा. बाकीची मुलं मोबाइलवरचे शब्द आणत, याच्याकडे काही नसे. त्याला म्हटलं, तुझे बाबा दिवसभर काय करतात ते सांग. म्हणाला, मठारतात. हंडा, घंगाळ, बंब यांचे पत्रे ठोकून आकाराला आल्यावर सगळ्या अंगावर हातोडीचे हलके, सारखे घाव घालत जायचे. त्याने तांबं कणखर होतं आणि पृष्ठभाग चमकतो. ते मठारकाम. ‘आता याला इंग्रजीत काय म्हणतात ते शोध.’ त्याने कोश पालथे घातले आणि ‘प्लॅनिश’ हा शब्द काढला. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जाणाऱ्या मुलांनाही तो माहीत नव्हता. त्या दिवशी त्याने फळ्याजवळ उभं राहून सगळ्यांना दोन्ही शब्द समजावले, हाताने हातोडीची चाल दाखवत. त्यानंतर तो गप्प बसलेला मला आठवत नाही.

इंग्रजीचा आणि या गावाचा संबंध तसा जुना. विश्रामबागवाड्यातल्या कॉलेजचे प्रमुख राहिलेले थॉमस कँडी यांनी मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश पुरा केला आणि तो १८४७ मध्ये निघाला. मराठीत विरामचिन्हं रुजवण्यातही त्यांचा मोठा वाटा. त्या कोशांसाठी शब्द आले कुठून? मराठी बोलणाऱ्या माणसांकडून. इंग्रजीनेही आपल्याकडून घेतलं. ‘मंगूस’ हा आपल्या मुंगसावरून गेलेला शब्द आहे, हे सांगितलं की मुलं ताठ बसतात.

११. मुलांना शब्द घडवू द्या.

एकावर शंभर शून्यं, एवढ्या मोठ्या संख्येला ‘गूगोल’ हे नाव सुमारे १९२० मध्ये मिल्टन सिरोटा या नऊ वर्षांच्या मुलाने दिलं. त्याचे मामा एडवर्ड कॅस्नर गणिती होते, त्यांनी विचारलं आणि याने सांगितलं. जगातल्या सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या सर्च इंजिनचं नाव त्यावरूनच पडलं. त्या मामांचं मला फार कौतुक वाटतं. मोठ्या माणसाने मुलाला शब्द विचारला, आणि मिळालेला शब्द गंभीरपणे वापरला.

‘ब्रंच’ हा शब्द १८९५ चा, ब्रेकफास्ट आणि लंच मिळून. आमच्या मुलांनी त्यावरून ‘न्याजेवण’ केलं: रविवारी उशिरा उठून न्याहारी आणि जेवण एकत्र. एका मुलाने ‘रीलझोप’ आणला, रील बघता बघता लागलेली झोप. यातले बहुतेक शब्द टिकणार नाहीत, आणि टिकायची गरजही नाही. पण ज्या मुलाने एकदा शब्द घडवला त्याला परका शब्द पुन्हा घाबरवत नाही. मराठी माध्यमातल्या मुलांच्या मनात इंग्रजीची जी भीती मी आयुष्यभर पाहिली, तिच्यावर मला सापडलेला सगळ्यात खात्रीचा उपाय हाच.

वाचकांना माझी एक विनंती आहे. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशाचं काम हाती घेतलं तेव्हा साध्या वाचकांना आवाहन केलं होतं की वाचताना भेटलेला शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, आणि ते कुठून घेतलं त्याची माहिती चिठ्ठीवर लिहून पाठवा. तो प्रचंड कोश अशा लाखो चिठ्ठ्यांवर उभा राहिला. तुमच्या घरी तेवढं करायचं नाही. या आठवड्यात घरातल्या मुलाने आणलेला एक इंग्रजी शब्द लिहा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या तोंडचा, मुलांना न समजणारा एक मराठी शब्दही लिहा. स्वयंपाकघरातला, शेतातला, दुकानातला, कुठलाही. शब्द कुणाकडून ऐकला ते लिहा, ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य लिहा, आणि तारीख घाला. चिठ्ठी मुलाला त्याच्याच अक्षरात लिहू द्या.